अनुमोदन

"देव आहे असं जो म्हणतो, त्याने तो सिद्ध करून दाखवला पाहिजे. नाही म्हणणाऱ्यावर ती जबाबदारी येत नाही. पटतंय ना?" मोघे सरांनी विचारलं.

आबांनी मान हलवली.

"बरं, आता पुढचा मुद्दा," असं म्हणून सर खुर्चीत पुढे सरकले.

सकाळच्या चहापासून आमच्या पेंढरवळच्या घराच्या पडवीत हे चाललं होतं. सर बोलत होते आणि बाकावर बसलेले माझे वडील गळ्याभोवती पंचा गुंडाळून ऐकत होते. उन्हं अंगणातून पायरीवर आली तरी सरांचे मुद्दे संपेनात. शेवटी चहाचा दुसरा कप घ्यायला ते थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जयवंत, तुझे वडील फार मोकळ्या मनाचे आहेत रे. मला धास्ती होती. पण एकदाही मध्ये बोलले नाहीत."

आबा बोलणार कुठून? त्यांच्या गळ्यात गाठ झाली होती. पुढच्या आठवड्यात मुंबईला ऑपरेशन होतं आणि तोवर एक शब्दही काढायचा नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिली होती. ऑपरेशननंतर आवाज राहील की जाईल, हेही त्यांनी नक्की सांगितलं नव्हतं. हे सगळं मी सरांना एसटीत सांगितलं होतं. पण ऐकणारा मिळाला की सरांना अशा बारीकसारीक गोष्टींचा विसर पडायचा.

प्राध्यापक त्र्यंबक मोघे पुण्यात विचारमंडळ चालवायचे. दर मंगळवारी त्यांच्या दिवाणखान्यात आम्ही दहा-बारा जण जमायचो. देव, आत्मा, पुनर्जन्म, पत्रिका यांच्यावर रीतसर ठराव मांडले जायचे, रीतसर अनुमोदन मिळायचं आणि देव रीतसर नामंजूर व्हायचा. मी तिथे जायला लागलो तो विचारांसाठी. टिकलो मात्र शरयूसाठी. ती सरांची एकुलती एक मुलगी, सभेचा वृत्तांत लिहायची आणि बाप फार रंगात आला की मान खाली घालून हसायची.

आमचं जमलंय हे कळल्यावर सरांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. मला समोर बसवून म्हणाले, "तू देव मानत नाहीस, हे मला ठाऊक आहे. का मानत नाहीस, ते सांग."

मी भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता. विश्वाच्या नियमांपासून सुरुवात केली, जगातल्या दुःखापर्यंत आलो आणि देवाच्या कल्पनेचा इतिहास सांगून थांबलो. सर खूश झाले. तरी म्हणाले, "युक्तिवाद चोख आहे. पण ही सगळी पुस्तकातली कारणं. तुझं स्वतःचं कारण कोणतं?"

"हीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग म्हणाले, "मी मुलगी देणारा कोण, ती तिची मर्जी. पण एक सांगून ठेवतो. बोलायचं एक आणि घरी जाऊन आरती करायची, असला माणूस मला चालत नाही. असल्या घरात मी पाऊल टाकणार नाही." हे नुसतं बोलणं नव्हतं. कुणाकडे तरी सत्यनारायणाचा शिरा वाटीभर मागून खाल्ला, एवढ्यावरून त्यांनी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता. शरयू मला म्हणाली होती, "बाबांशिवाय मी लग्न करीन रे. पण मग ते एकटे कुणाशी भांडतील?" आईविना वाढलेली मुलगी ती. तिला आम्ही दोघेही हवे होतो.

म्हणून बापलेकीचं हे घर बघायला येणं. आणि माझं नशीब असं, की सरांना सुट्टी मिळाली ती नेमकी आमच्या गावदेवाच्या, रवळनाथाच्या जत्रेत.

दुसरा चहा होतो न होतो तोच अंगणात दाजीकाका आणि गावचे चार मानकरी आले. दाजीकाका म्हणजे आबांचे चुलतभाऊ. बोलणं गुळासारखं. आबांच्या शेजारी बसून त्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

"दादा, संध्याकाळी गाऱ्हाणा कोण घालतलो?"

आता हे गाऱ्हाणं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. जत्रेत पालखी उठायच्या आधी गावाच्या वतीने एक माणूस देवासमोर उभा राहतो आणि मोठ्या आवाजात देवाशी बोलतो. कुणाचं काय अडलंय, कुणाला काय हवंय, ते सगळं नावनिशीवार सांगतो. प्रत्येक वाक्याला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. पेंढरवळमध्ये हा मान आमच्या घराचा होता. आबांच्या आवाजासाठी शेजारच्या गावची माणसंही यायची.

"घरात घालणारो नसलो तर मान आमच्याकडे येता, ही रीत तुका म्हायत आसा," दाजीकाका म्हणाले. "आणि एक बरा होयत. मी घातलंय तर तुझ्या गळ्यासाठी मागतलंय. तुमच्या घरातल्यान घातल्यान तर ता मागूक येवचा नाय."

तीही आमच्या गावची रीत. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी काहीही मागायचं नाही. गावाचा आवाज तो, त्याने आपल्या पदरात काही पाडून घेतलं तर गावाचं मागणं बाटतं. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या म्हशी, दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं आणि दुसऱ्यांचे खटले देवापुढे मांडले होते.

आबांनी दाजीकाकांच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला. नाही, अशी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

मोघे सरांनी कप खाली ठेवला.

मानकरी गेल्यावर मी आत गेलो. आई चुलीपुढे नारळ खवत होती. तिने वर न बघताच विचारलं, "घालतलंस मा?"

"आये, माझो इस्वास नाय. माका ता जमाचा नाय."

"इस्वास कोणी मागल्यान?" आई म्हणाली. "बापाशीचा तोंड बंद झाला, आता घराचा पण बंद करतलंस?"

मी परत पडवीत आलो तर आबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी काही खूण केली नाही. नुसते बघत राहिले, आणि तेच मला सोसवेना. मी सरांना म्हणालो, "सर, मला हे करावं लागेल."

सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मंगळवारच्या सभेतल्यासारखा झाला होता. "म्हणजे तू देवापुढे हात जोडून उभा राहणार."

"बाबा," शरयू म्हणाली, "त्याचे वडील आजारी आहेत."

"आजारी माणसासाठी खोटं बोललेलं चालतं, असा ठराव आपण कधी केला?"

मला एकदम सुचलं. "सर, मी खोटं बोलणारच नाही. गाऱ्हाण्यात काय बोलायचं हे ठरलेलं नसतं. मी जे मानतो तेच बोलेन."

सर विचारात पडले. माणूस कट्टर होता, पण न्यायी होता. येरझाऱ्या घालत त्यांनी मुद्दा तपासायला घेतला. "'बा देवा' असं म्हणावं लागेल. ठीक. संबोधन म्हणजे विधान नव्हे, हाक मारल्याने कुणी सिद्ध होत नाही. मागणंही चालेल. इच्छा खरी-खोटी नसते. पण विधान करशील ते प्रत्येक खरं हवं. मी समोर उभा राहून ऐकणार. एक वाक्य जरी खोटं निघालं, तरी तुझ्या-माझ्यात संबंध उरणार नाही. शरयूचं शरयूने ठरवावं."

आबांनी हे सगळं ऐकलं आणि मान हलवली. त्यांना नक्की काय पटलं होतं, कुणास ठाऊक.

दुपारी शरयू आणि मी मागच्या विहिरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "गावासमोर देव नाही म्हणशील? मारतील तुला."

"बघू."

"आणि तसं म्हणाला नाहीस तर बाबा दुरावले." ती रहाटाच्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुला एक विचारू? त्या दिवशी बाबांनी तुझं स्वतःचं कारण विचारलं, तेव्हा तू खोटं बोललास ना?"

आईने जेवायला हाक मारली, तेव्हा सुटलो.

उन्हं कलल्यावर देवळापुढे गाव जमला. ढोल थांबला. मी गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. उजवीकडे आबा, गळ्याभोवती पंचा, हातात काठी. डावीकडे खांबाला टेकून मोघे सर, हाताची घडी घालून, परीक्षेला पर्यवेक्षक उभा राहतो तसे. बायकांच्या बाजूला आई आणि शरयू.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"आज तुझ्यासमोर उभो आसा तो सगुण धुऱ्याचो झील, जयवंत."

"व्हय म्हाराजा!"

"पुण्याक शिकलो, थंयच मास्तर झालो."

"व्हय म्हाराजा!"

मी सरांकडे पाहिलं. आतापर्यंत सगळं खरं होतं. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "त्येचो तुझ्यार इस्वास नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे उघडले. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. मला धीर आला.

"तू दगडाचो असंस. तुका पाथरवटान घडवल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"पावस पडता तो ढगातसून पडता, तू पाडणस नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"कौलाचा फूल पडता ता किती भिजलला हा त्येच्यार पडता!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज गुरवाचा होता. कौलासाठी देवाला रोज ओलं फूल लावणारा तोच.

मी सुटलो. विश्वाचे नियम सांगितले, ग्रहणं सांगितली, करणी आणि भूतबाधा सगळं झूट आहे म्हणून सांगितलं. पुण्याच्या दिवाणखान्यात एकेका मुद्द्यावर तासन्‌तास काथ्याकूट व्हायचा. इथे अख्ख्या गावाने सगळे ठराव एकमताने मंजूर केले. सरांच्या हाताची घडी केव्हाच सुटली होती. इतकी वर्षं सभा घेऊनही एवढं बहुमत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी गावाचं मागणं मांडलं, कारण त्यासाठीच तर सगळे उभे होते. पांडग्याची म्हस गाभण रवांदे. वरच्या वाडीच्या शांताच्या चेडवाक बरा स्थळ मिळांदे. साकवाचा काम सरकार करांदे. गाव 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिला. आता नुसतं 'सगळ्यांचा राखण कर' म्हणायचं आणि संपवायचं. लग्नही वाचलं होतं आणि मानही वाचला होता.

पण सर माझ्याकडे बघत होते. बायकांतून शरयूही बघत होती. आणि मला आठवलं, की एकही खोटं वाक्य बोलणार नाही असं मी म्हणालोय, आणि न मानण्याची जी कारणं मी आत्ता ओरडून सांगितली त्यांतलं एकही माझं नव्हतं.

"म्हाराजा, माझी भयण सुमी," माझ्या तोंडून गेलं. "ह्याच जत्रेत ती तापान फणफणली होती."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. आवाज थोडा उतरला. म्हाताऱ्यांना सुमी आठवत होती.

"माझो बापूस हंय उभो होतो. मी त्येच्या वांगडा होतंय. त्येना सगळ्या गावासाठी मागल्यान. मी वाट बघी होतंय, सुमीचा नाव कधी घेतलो. सगळ्यात मोठ्यान 'व्हय म्हाराजा' म्हणूचा, म्हणान तोंड उघडून उभो होतंय."

या वेळी 'व्हय म्हाराजा' अर्ध्याच लोकांनी म्हटलं.

"त्येना नाव घेवक नाय. पालखी उठली. चार दिसांनी सुमी गेली. त्या दिसापासून तू माझ्यासाठी नाय, म्हाराजा!"

मी आबांकडे पाहिलं नाही, बघवलंच नसतं. मला थांबायला हवं होतं, हे आजही कळतं. पण त्या मिटलेल्या गळ्याच्या शेजारी उभं राहून मला थांबता आलं नाही.

"माझ्या बापाशीक त्येचो आवाज परत दी!" मी ओरडलो.

साथ आली नाही.

देव नाही म्हटलेलं गावाला चाललं होतं. तो दगड आहे, तो पाऊस पाडत नाही, त्याचा कौल खोटा, सगळं चाललं होतं. पण घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी मागितलं, हे चालणारं नव्हतं. गुरव खाली बघायला लागला. दाजीकाकांनी ओठ मिटून घेतले. आईने पदर तोंडाला लावला. 'व्हय म्हाराजा' म्हणायला एक माणूस तयार नव्हता, आणि साथ नसलेलं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. पंच्याखाली आबांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. त्यांच्यासाठी केलेल्या मागण्याला त्यांना स्वतःलाही होय म्हणता येत नव्हतं.

आणि डावीकडच्या खांबापासून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा स्वच्छ पुणेरी आवाज आला.

"होय महाराजा!"

सगळ्या गावाच्या माना तिकडे वळल्या. मोघे सर ताठ उभे होते. चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. धुपाचा धूर फार होता, असं ते पुढे सांगायचे.

पालखी उठली. दाजीकाका माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला. "तुझा चुकला असा मी म्हणणंय नाय. पण रीत ती रीत. फुडल्या वर्षापासून मान आमच्याकडे." मी मान हलवली. तेवढ्यात गुरव जवळ येऊन कानात म्हणाला, "देव नाय म्हटलंस, ता बरा केलंस. मोठ्यान सांगलला त्येका आवाडता."

घरी परतताना पायवाटेवर सरांनी घसा साफ केला. "गैरसमज नको. सभेत ठराव मांडला गेला आणि अनुमोदन मिळालं नाही, तर तो चर्चेविना पडतो. ते मला योग्य वाटेना. मी फक्त अनुमोदन दिलं."

"कुणापुढे मांडलेल्या ठरावाला, बाबा?" शरयूने विचारलं.

पुढे चालणारे आबा थांबले होते. त्यांनी सरांचा हात धरला आणि ओढ्यावरच्या अरुंद साकवावरून त्यांना सांभाळून पलीकडे नेलं. संबंध तोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आबांचं ऑपरेशन मुंबईत झालं. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी सर आणि शरयू खाली चहा प्यायला गेले होते. खाटेशेजारी मी एकटाच होतो. आबांनी दोन-तीनदा घसा चाचपला. आवाज आला तो खरखरीत होता, पण त्यांचाच होता.

"सुमीचा नाव घेतलंस."

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"तुका वाटला, मी मागूक नाय."

"तुमी मागूक नाय, आबा. मी थंयच उभो होतंय."

"मोठ्यान मागूक नाय," आबा म्हणाले. "मनात मागलंय. सगळ्या गावाच्या आधी तिचा नाव घेतलंय. रीत मोडलंय, म्हणान ती गेली."

त्यांनी मागितलं नाही म्हणून मी देव सोडला होता. आणि आपण मागितलं म्हणून मुलगी गेली, असं मनाशी धरून हा माणूस त्याच देवापुढे दरवर्षी दुसऱ्यांच्या म्हशींसाठी गळा फाडत उभा राहिला होता. एका घरात राहून दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं.

"मी मनात मागलंय, तर गेली," आबा म्हणाले. "तू मोठ्यान मागलंस, तर ऐकल्यान."

मग मी बोलायला लागलो. गळ्यातली गाठ पहिल्यापासून साधीच होती, हे सांगितलं. डॉक्टरांचा हात किती चांगला, ते सांगितलं. सुमीला विषमज्वर झाला होता आणि तेव्हा आपल्याकडे डॉक्टर पोचला नाही. तुम्ही मनात काय म्हणालात याचा आणि तिच्या जाण्याचा काडीचाही संबंध नव्हता, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. विश्वाचे नियम, रोगजंतू, औषधं, सगळं सांगितलं. आयुष्यात इतक्या पोटतिडकीने मी कुणाला काही समजावलं नव्हतं. त्यांच्या छातीवरचा तो दगड काढायला माझ्याकडे तेवढंच होतं.

आबा ऐकत होते. प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, पडवीत मोघे सरांपुढे हलवत होते तशीच.

"पटता मा, आबा?" मी विचारलं. माझा आवाज आता त्यांच्यापेक्षा खरखरीत झाला होता.

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, त्यावर हलकेच थोपटलं आणि डोळे मिटले.

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाले.